हाड जुळलं, मग हात अजून का पेटलाय?

१. एक्स-रे चांगला, हात वाईट

मनगटाचं हाड मोडतं. प्लास्टर लागतं, पाच-सहा आठवड्यांनी निघतं. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून बघतात आणि म्हणतात, "हाड छान जुळलंय, आता हात वापरायला लागा." घरी येऊन बघावं तर वापरणं दूरच, हाताला कुणी बोट लावलेलं सहन होत नाही. बोटं सुजून ताठलेली, कातडी चकचकीत, कधी लालभडक तर कधी जांभळट. पंख्याचा वारा लागला तरी आग होते. बांगडी चढवायचं नाव नको, नुसता पदर घासून गेला तरी कळ खांद्यापर्यंत जाते. मग रात्री झोप उडते आणि मनात प्रश्नांची रांग लागते. हाड जुळलंय तर दुखतंय काय? प्लास्टर चुकलं का? आतून काही सडतंय का? की घरचे म्हणतात तसं मीच फार बाऊ करतेय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत आधी द्यायला हवं, कारण तो माणसाला आतून पोखरतो. नाही, हा बाऊ नाही. या दुखण्याचा दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे, ते ओळखायचे नियम ठरलेले आहेत आणि त्यावर उपचारही आहेत. त्याचं आजचं नाव कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. दवाखान्यात त्याला सीआरपीएस म्हणतात, आपणही तेच म्हणू.

हे दुखणं बहुतेक वेळा एका हाताला किंवा एका पायाला होतं, त्यातही हाताला जास्त. सुरुवात बहुधा हाड मोडण्यापासून होते. पण मुरगळणं, एखादी शस्त्रक्रिया किंवा पक्षाघात हेही निमित्त ठरू शकतं आणि काही वेळा तर निमित्त सापडतच नाही. स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या तिपटीहून अधिक आहे. हॉलंडमधल्या एका मोठ्या पाहणीत दर वर्षी लाखामागे २६ नवे रुग्ण आढळले, तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका काउंटीत साडेपाच. दोन आकड्यांत एवढी तफावत पडली ती मुख्यतः निदानाचे निकष वेगळे असल्यामुळे. एकूण लोकसंख्येत हा आजार विरळाच. पण मनगट मोडलेल्यांपुरतं पाहिलं तर चित्र बदलतं. लोरिमर मोझली या ऑस्ट्रेलियन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मनगट मोडलेल्या १,५४९ रुग्णांवर चार महिने लक्ष ठेवलं. त्यांतल्या ३.८ टक्क्यांना, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ चौघांना, सीआरपीएस झाला. बाथरूममध्ये पाय घसरून मनगटावर पडणाऱ्या आपल्याकडच्या आज्या, मावश्या, काकू आठवून बघा, म्हणजे हे प्रकरण कशासाठी लिहिलंय ते लक्षात येईल.

२. बुटात पाणी ओतणारे सैनिक

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना फिलाडेल्फिया शहरात टर्नर्स लेन नावाचं एक लष्करी रुग्णालय होतं. मज्जातंतूंना गोळी लागलेले सैनिक तिथे आणले जात. सायलस वेअर मिचेल हा डॉक्टर आपल्या दोन सहकाऱ्यांसह त्यांच्यावर उपचार करत होता आणि जे दिसेल ते बारकाईने टिपून ठेवत होता. १८६४ मध्ये या तिघांनी आपली निरीक्षणं पुस्तकरूपाने छापली.

त्यांनी पाहिलं ते असं. जखम भरून आलेली असायची, पण हाताची किंवा पायाची आग थांबायची नाही. कातडी लाल, गुळगुळीत, तकाकी आल्यासारखी. सैनिक हाताला सतत ओलं फडकं गुंडाळून ठेवत, पाण्याची बाटली जवळून हलू देत नसत. काहींना कोरड्या हाताने कशालाही शिवणं असह्य व्हायचं, ते बुटातसुद्धा पाणी ओतून ठेवत. वर्तमानपत्राची सळसळ, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला चालणाऱ्या माणसाची पावलं, रस्त्यावरून जाणाऱ्या लष्करी बँडचा हादरा, एवढ्यानेही वेदना भडकायची. हे लोक लढाईतून आलेले होते, नाजूक प्रकृतीचे नव्हते. मिचेलने त्यांच्यावर विश्वास ठेवला, आणि मला त्याचं मोठेपण त्यातच वाटतं. त्या काळात त्यांना ढोंगी ठरवून पुन्हा आघाडीवर धाडणं अगदी सोपं होतं.

पुढे १९०० साली हॅम्बुर्गच्या पाउल सुडेक या शल्यचिकित्सकाने दुसरी बाजू दाखवली. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. अशा दुखऱ्या हातांचे एक्स-रे काढल्यावर त्याला हाडं ठिकठिकाणी विरळ झालेली दिसली. १९१६ मध्ये रने लरिश या फ्रेंच शल्यचिकित्सकाने रक्तवाहिन्यांभोवतीचे सूक्ष्म मज्जातंतू काढून वेदना कमी करता येते का, हे पाहिलं. मग बरीच वर्षं या आजाराचा सगळा दोष रक्तवाहिन्या आणि घाम यांच्यावर ताबा ठेवणाऱ्या अनुकंपी मज्जासंस्थेवर टाकला गेला आणि 'रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी' (आरएसडी) हे नाव रूढ झालं. १९९४ मध्ये वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आजचं नाव दिलं आणि दोन प्रकार केले. मोठ्या मज्जातंतूला इजा झाल्याचं दाखवता येत नसेल तर पहिला प्रकार, येत असेल तर दुसरा. मिचेलचे सैनिक दुसऱ्या प्रकारातले होते. आजचे बहुतेक रुग्ण पहिल्या प्रकारातले आहेत.

हा इतिहास एका व्यावहारिक कारणासाठीही ठाऊक असावा. तुमच्या जुन्या फाइलीत एका डॉक्टरने 'सुडेक', दुसऱ्याने 'आरएसडी' आणि तिसऱ्याने 'सीआरपीएस' लिहिलेलं असू शकतं. हे तीन आजार नव्हेत, एकच आहे.

३. ओळखायचं कसं?

कुठलीही रक्ततपासणी किंवा एमआरआय 'हा सीआरपीएसच' असं ठामपणे सांगू शकत नाही. निदान होतं ते रुग्णाचं ऐकून आणि हात बघून. त्यासाठी २००३ मध्ये तज्ज्ञ बुडापेस्टला जमले आणि त्यांनी जे निकष ठरवले, ते आज जगभर वापरले जातात. लक्षणांचे चार गट आहेत.

पहिला गट संवेदनेचा: साध्या स्पर्शानेही दुखणं, टोचलं तर प्रमाणाबाहेर दुखणं. दुसरा रंग आणि तापमानाचा: एक हात दुसऱ्यापेक्षा लाल, निळसर, गरम किंवा गार असणं. तिसरा सूज आणि घामाचा. चौथा हालचालीचा आणि वाढीचा: बोटं न वळणं, ताकद कमी होणं, थरथर, शिवाय केस, नखं आणि कातडी यांत बदल.

नियम असा: रुग्णाने सांगितलेल्या तक्रारी चारपैकी निदान तीन गटांत पडायला हव्यात. डॉक्टरांना तपासताना प्रत्यक्ष दिसलेल्या खुणा निदान दोन गटांत असायला हव्यात. वेदना मूळ इजेच्या मानाने जास्त आणि सतत चालू असायला हवी. आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने या सगळ्याचा उलगडा होता कामा नये.

समजा, मनगट मोडून दोन महिने झालेल्या एका बाई सांगतात, "चादर लागली तरी दुखतं, हात जांभळा पडतो, सूज उतरत नाही." तीन तक्रारी, तीन गट. डॉक्टर दोन्ही हातांचं तापमान मोजतात, तर दुखरा हात एक अंशाहून अधिक गार निघतो. मूठ वळायला सांगतात, तर बोटं अर्ध्यावर अडतात. दोन खुणा, दोन गट. इतर काही नाही याची खात्री झाली, की निदान पक्कं.

आता दुसरे गृहस्थ घ्या. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह आहे, दोन्ही तळपायांची रात्री आग होते, पण सूज नाही, रंग बदललेला नाही. आग दोघांचीही खरीच, पण या गृहस्थांचा आजार सीआरपीएस नाही. मधुमेहाने मज्जातंतूंवर केलेल्या परिणामाची शक्यता इथे जास्त. तिसऱ्या कुणाची प्लास्टरमध्ये किंवा लांबच्या प्रवासानंतर एक पोटरी सुजून गरम झाली असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय आधी घ्यायला हवा, आणि तोही त्याच दिवशी. ताप आणि पू असेल तर जंतुसंसर्ग. प्लास्टर चालू असतानाच बोटं बधिर, पांढरी किंवा निळी पडू लागली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. 'दुसरा कुठला आजार नाही ना' या अटीला म्हणूनच महत्त्व आहे.

पूर्वी या आजाराच्या तीन पायऱ्या सांगत: आधी गरम, मग गार, मग आखडलेला. सगळेच रुग्ण या क्रमाने जात नाहीत हे कळल्यावर ती कल्पना मागे पडली. बऱ्याच जणांचा हात सुरुवातीला गरम-लाल आणि नंतर गार-निळसर असतो, एवढंच म्हणता येतं.

४. जागल्या ओरडायचा थांबत नाही

आता मूळ प्रश्नाकडे. जखम भरली, तरी वेदना कशी?

शेतावर राखणीला बसलेला जागल्या डोळ्यांसमोर आणा. एका रात्री खरोखरच चोर आले, त्याने आरडाओरडा केला, पीक वाचलं. चोर गेले. पण त्या रात्रीनंतर जागल्याचा जीव ठिकाणावर नाही. पान हललं तरी ओरडतो, उंदीर पळाला तरी ओरडतो, शेवटी मालक स्वतः आला तरी ओरडतो. तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच चोर वाटतो. आपली वेदनेची यंत्रणा हा तो जागल्या. इजा झाली तेव्हा तिने केलेली ओरड योग्यच होती. सीआरपीएसमध्ये इजा निघून जाते आणि ओरड तशीच राहते.

हे शरीरात कुठे घडतं? एकाच ठिकाणी नाही, म्हणूनच हा आजार समजायला अवघड गेला.

पहिलं ठिकाण प्रत्यक्ष हात. आपल्या कातडीतले बारीक मज्जातंतू नुसते निरोप नेत नाहीत, ते स्वतः काही रसायनंही सोडतात. त्या रसायनांनी रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी झिरपतं, हात लाल, गरम आणि सुजलेला होतो. इजेनंतर थोडे दिवस हे व्हायलाच हवं, बरं होण्याचाच तो भाग असतो. सीआरपीएसमध्ये ते लांबतं.

दुसरं ठिकाण मज्जारज्जू. हाताकडून सतत धोक्याचे निरोप येत राहिले, की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात. मग साध्या स्पर्शाचा निरोपही पुढे वेदना म्हणून जातो. पदर लागला तर कळ का येते, याचं उत्तर इथे आहे. पदराने इजा होत नाही, पण मेंदूपर्यंत पोचतो तो इजेचा निरोप.

तिसरं ठिकाण अनुकंपी मज्जासंस्था. घाबरलो की तळहाताला घाम फुटतो, थंडीत बोटं पांढरी पडतात, हे तिचंच काम. तिचा ताबा बिघडला की हाताचा रंग, तापमान आणि घाम दिवसभरात अनेकदा बदलू शकतो. सकाळी डॉक्टरांना दाखवायला जावं तर हात बरा दिसतो आणि संध्याकाळी जांभळा पडतो, ही तक्रार त्यामुळे खरी असते. अशा वेळी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तो उपयोगी पडतो.

चौथं ठिकाण मेंदू, आणि मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते हेच. रुग्णांना डोळे मिटून दुखरा हात केवढा आहे ते विचारलं, तर अनेक जण तो असतो त्याहून मोठा सांगतात. काही जण म्हणतात, "हा हात माझा वाटतच नाही." चित्रातला हात डावा की उजवा, हे ओळखायलाही त्यांना जास्त वेळ लागतो. मेंदूत आपल्या प्रत्येक अवयवाची नोंद असते. त्या नोंदीत गडबड होते, असा याचा अर्थ लावला गेला. २००३ मध्ये जर्मन संशोधकांनी मेंदूतली हाताची जागा आक्रसल्याचं दाखवलं. २०१९ मध्ये अधिक बारीक तंत्राने केलेल्या मोजमापात मात्र तसं दिसलं नाही. वाद चालू आहे. रुग्णाला हात परका वाटतो, याविषयी मात्र वाद नाही.

काही रुग्णांत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीही यात सामील असावी असे पुरावे आहेत. लिव्हरपूलच्या आंद्रेआस गोबेल यांच्या गटाने रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना दिली, तेव्हा उंदरांच्या जखमी पंजातही तसाच अतिहळवेपणा आला. त्यावरून उपचार निघेल अशी आशा होती, पण कमी मात्रेत प्रतिपिंडं टोचण्याचा याच गटाचा प्रयोग रुग्णांवर यशस्वी झाला नाही.

५. मनाचं दुखणं?

तपासण्या स्वच्छ आल्या, की कुणीतरी म्हणतंच, "टेन्शन घेतेस म्हणून होतं." हॉलंडमध्ये हाड मोडलेल्या सुमारे सहाशे जणांची मानसिक स्थिती इजा झाल्याबरोबर तपासली आणि नंतर कुणाला सीआरपीएस होतो ते पाहिलं. काळजी करणारा स्वभाव, नैराश्य, भीती, यांपैकी कशावरूनही आजाराचं भाकीत करता आलं नाही. म्हणजे मन हे या दुखण्याचं कारण नाही. पण महिनोन्महिने झोप नसलेला, स्वतःच्या हाताने भाताचा घास घेता न येणारा माणूस खचतो. त्यासाठी समुपदेशकाची मदत घेणं म्हणजे दुखणं खोटं असल्याची कबुली नव्हे.

६. जपलेला हात आखडतो

दुखतं म्हणून हात हलवायचा नाही, हे अनेक प्राण्यांत उपजत असतं. मोडलेल्या हाडाला त्याची गरजही असते. पण हाड जुळल्यावरही हात ओढणीत गुंडाळून छातीशी धरून ठेवला, तर काय होतं पाहा. हालचाल नाही म्हणून सूज उतरत नाही. सूज उतरत नाही म्हणून सांधे आखडतात. आखडलेला सांधा हलवला की जास्त दुखतं. भार नाही म्हणून हाडं विरळ होतात, स्नायू वाळतात. आणि मेंदूला त्या हाताकडून स्पर्शाचे, कामाचे नेहमीचे निरोप मिळत नाहीत, मिळतात ते फक्त वेदनेचे.

म्हणून या आजारात 'पूर्ण विश्रांती घ्या' हा प्रेमाने दिलेला सल्ला घात करतो. गंमत नव्हे, पण ज्या मिचेलने हा आजार इतका नेमका टिपला, तोच पुढे बायकांना सक्तीची अंथरुणातली विश्रांती देण्याच्या उपचारासाठी प्रसिद्ध झाला.

इथे एक वाक्य नीट समजून घ्यायला हवं: दुखतंय याचा अर्थ दर वेळी इजा होतेय असा नसतो. हाड जुळलंय हे एकदा पक्कं झालं, की बोट वाकवताना येणारी कळ म्हणजे बोट मोडत असल्याची खूण नव्हे. वाचायला सोपं आहे. रात्री दोन वाजता, हात पेटलेला असताना ते पटणं फार कठीण आहे. म्हणून ते डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत, घाई न करता, घरच्यांच्या देखत सांगायला हवं. माझ्या मते उपचार तिथूनच सुरू होतो.

७. उपचाराचा कणा: हालचाल

औषधं, इंजेक्शनं, यंत्रं यांची चर्चा नंतर करू. कणा आहे तो फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी. दुसरी आपल्याकडे अजून फारशी माहीत नाही. रोजची कामं, म्हणजे बटण लावणं, वेणी घालणं, पोळी लाटणं, हीच साधनं करून हाताला पुन्हा कामाला लावणारी ही विद्या. तिचं शिक्षण भारतात सुरू झालं ते मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५० साली, कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने. आपल्याच राज्यात मुळं असलेल्या या शाखेचा पत्ता रुग्णांना बहुधा कुणी सांगत नाही, याची खंत वाटते.

सुरुवात स्पर्शापासून. रोज थोडा वेळ, दिवसातून तीन-चार वेळा, दुखऱ्या भागाला कापूस लावायचा. तो सहन होऊ लागला की मऊ सुती कापड, मग टॉवेल, मग तांदळाच्या परातीत बोटं बुडवायची. आधी चांगल्या हाताला तोच स्पर्श करून बघायचा आणि मनाशी म्हणायचं, हा कापूस आहे. जागल्याशेजारी रात्रभर बसून 'हे पान, हा उंदीर' असं एकेक दाखवत जायचं, तसंच हे. रागावून तो शांत होत नाही.

मग हालचाल, आणि तिचं माप. 'सहन होईल तेवढं करा' हा सल्ला अपुरा आहे, कारण बऱ्या दिवशी माणूस भरपूर काम उरकतो आणि पुढचे दोन दिवस झोपून काढतो. त्याऐवजी असं करावं. समजा, भांडी घासताना दहाव्या मिनिटाला कळ भडकते आणि दोन दिवस राहते. मग पाच मिनिटांपासून सुरुवात करा. दिवस बरा असला तरी पाचच, वाईट असला तरी शक्यतो पाच. तीन दिवसांत ठणका वाढला नाही, तर एक मिनिट वाढवा. या हिशेबाने तीन आठवड्यांत सात मिनिटं वाढतात आणि तुम्ही बाराव्या मिनिटावर असता, म्हणजे जिथे आधी कळ भडकत होती त्याच्या पुढे. मध्ये एखादा आठवडा बिघडला, तर दोन मिनिटं मागे या आणि तिथून पुन्हा चढा. मिनिटं वहीत लिहून ठेवा. सीआरपीएसमध्ये सुधारणा इतकी हळू होते, की रोज बघणाऱ्याला ती दिसत नाही. वहीत दिसते.

आखडलेली बोटं कुणीतरी जोर लावून वाकवणं, हाडवैद्याकडून ओढून-ताणून मालिश करून घेणं, बर्फात हात बुडवणं, हे तिन्ही टाळावं. जबरदस्तीने वेदना भडकते आणि पुढचे अनेक दिवस वाया जातात. हालचाल रुग्णाने स्वतः करायची, थेरपिस्टने सोबत करायची.

ज्यांना हात हलवण्याची कल्पनाही सोसत नाही, त्यांच्यासाठी मोझलीने एक वेगळीच वाट काढली. पहिले दोन आठवडे हात हलवायचाच नाही, फक्त हातांची चित्रं बघून डावा की उजवा ते ओळखायचं. पुढचे दोन आठवडे हात हलतोय अशी मनात कल्पना करायची. शेवटचे दोन आठवडे आरसा. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा ठेवायचा, दुखरा हात आरशामागे, चांगला पुढे. चांगला हात हलवला की आरशात दुखराच हात सहज हलतोय असं दिसतं. आरशाची मूळ युक्ती आपल्या व्ही. एस. रामचंद्रन यांची. हात कापला गेल्यावरही त्या नसलेल्या हातात वेदना होणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी ती १९९० च्या दशकात वापरली. सीआरपीएसमध्ये आजार नवा असताना नुसता आरसाही काहींना उपयोगी पडतो. जुनाट दुखण्यात मात्र थेट आरशाने वेदना वाढू शकते, म्हणून आधीच्या दोन पायऱ्या. हे प्रयोग लहान होते, पण यात खर्च जवळजवळ नाही आणि जाणत्या थेरपिस्टच्या देखरेखीखाली धोकाही कमी आहे.

८. गोळ्या, सुया आणि यंत्रं

औषधांचं काम एवढंच, की हालचाल करता येईल इतपत वेदना उतरावी. आजार नवा आणि हात गरम-सुजलेला असेल, तर थोड्या आठवड्यांसाठी स्टेरॉइड गोळ्या दिल्या जातात. यावरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या देशातला आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत पक्षाघातानंतर सीआरपीएस झालेल्या ६० रुग्णांचे दोन गट केले. प्रेडनिसोलोन घेतलेल्या ३० पैकी २५ जणांना चांगला फरक पडला, पायरॉक्सिकॅम हे साधं वेदनाशामक घेतलेल्या ३० पैकी पाच जणांना. ही गोळी मनाने घ्यायची नाही. मधुमेह, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचार करावा लागतो.

हाडं विरळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटाची औषधंही सुरुवातीच्या काळात वेदना कमी करतात, असं काही चाचण्यांत दिसलं आहे. ती घेण्याआधी दातांची मोठी कामं उरकून घ्यावीत. गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन यांनी काहींना झोप लागते, आग कमी होते. अमिट्रिप्टिलिनच्या पाकिटावर नैराश्याचा उल्लेख वाचून "मला वेडं समजतात का?" असं वाटून घेऊ नये. तेच औषध कमी मात्रेत मज्जातंतूंच्या वेदनेवर देतात. अफूवर्गीय औषधांचा दीर्घकाळ उपयोग होत नाही आणि सवय लागते.

पेन क्लिनिकमध्ये मानेत किंवा कमरेत सुई देऊन अनुकंपी मज्जातंतूंना काही काळ बधिर करतात. काहींना त्याने स्पष्ट आराम पडतो, पण चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तर ठोस फायदा सिद्ध होत नाही. सुईनंतर मिळालेले बरे तास व्यायामासाठी वापरले, तर त्या सुईचा खर्च सार्थकी लागतो. नुसत्या सुयांमागून सुया घेत बसू नये. केटामिनच्या सलाइनबद्दलही असंच. २००९ च्या डच अभ्यासात वेदना साधारण ११ आठवडे कमी राहिली, हाताचं काम मात्र सुधारलं नाही.

सगळं करूनही वेदना हटत नसेल, तर मज्जारज्जूजवळ तार बसवून सौम्य वीज देणारं यंत्र हा पर्याय आहे. ते महाग आहे. हॉलंडमधल्या मास्ट्रिक्ट शहरातल्या २००० सालच्या चाचणीत सहा महिन्यांनी त्याचा फायदा दिसला, पण पाच वर्षांनी यंत्र दिलेल्या आणि न दिलेल्या गटांतला फरक पुसट झाला. हात कापून टाकण्याची मागणी काही रुग्ण वैतागून करतात. त्यांची तडफड समजू शकते. पण कापल्यावरही वेदना उरते, कधी उरलेल्या भागात नव्याने सुरू होते. ओरड नुसत्या हातात नसून सगळ्या यंत्रणेत आहे, हे आपण पाहिलंच.

९. किती दिवस? आणि टाळता येईल का?

बहुतेकांची लक्षणं पहिल्या वर्षात बरीच उतरतात. काहींना थंडी सोसत नाही, पकड कमी राहते. थोड्यांचं दुखणं मात्र वर्षानुवर्षं टिकतं आणि त्यांना 'प्रयत्न कमी पडले' असं म्हणणं अन्यायाचं आहे. लहान मुलं फिजिओथेरपीने मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात.

सुरुवात लवकर पकडायची, तर पहिल्या आठवड्याकडे बघावं. मोझलीच्या त्याच अभ्यासात एक गोष्ट लख्ख दिसली: मनगट मोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ज्यांची सरासरी वेदना दहापैकी पाच किंवा जास्त होती, त्यांना पुढे सीआरपीएस होण्याचा धोका वाढला. म्हणजे "प्लास्टर आहे, दुखणारच" म्हणून ती वेदना सोसत बसायचं नाही. डॉक्टरांना आकडा सांगायचा, प्लास्टर घट्ट आहे का ते तपासून घ्यायचं. प्लास्टरमधून बाहेर असलेली बोटं, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवत राहायचं. बसताना हात उशीवर, हृदयाच्या पातळीच्या वर. क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी दीड-दोन महिने घेतल्याने धोका घटतो, असं डच चाचण्यांत आढळलं. नंतरच्या एका चाचणीत तो फायदा दिसला नाही. अनेक डॉक्टर आजही ती देतात, स्वस्त आणि बहुतेकांना निर्धोक म्हणून. मूतखड्याचा त्रास असेल तर आधी विचारावं.

एक गोष्ट बरे झालेल्यांसाठी. पुढे कधी त्याच हातावर किंवा पायावर शस्त्रक्रिया ठरली, तर शल्यचिकित्सकाला आणि भूलतज्ज्ञाला हा इतिहास आधी सांगा. तातडी नसेल तर दुखणं पूर्ण शांत होईपर्यंत थांबता येतं, शिवाय त्या हातापुरती भूल, नंतरची वेदनाशामकं आणि दुसऱ्याच दिवशी सुरू करायचे व्यायाम यांची आखणी आधीच करता येते. रक्त काढायला किंवा सलाइन लावायला आलेल्या नर्सला शक्यतो दुसरा हात पुढे करा. निदानाचा कागद फाइलीत सगळ्यांत वर ठेवा.